बांधावरची हजेरी

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा ते अंगणात उकिडवे बसून हरळी उपटत होते. मला वाटलं, कुणी गडी असेल. विचारलं, "वकीलसाहेब आहेत का घरात?" तर मान वर न करता म्हणाले, "घरात नाहीत, इथं आहेत. बसा त्या चिऱ्यावर आणि सांगा."

बसले. दुसरं काय करणार? तरीने खाडी ओलांडून, उन्हातून चालत रत्नागिरीत आले होते आणि दोन चांगल्या वकिलांनी मला आधीच वाटेला लावलं होतं. एक म्हणाले, यजमानांना पाठवा. दुसऱ्यांनी उपदेश केला की आळीतली भांडणं आळीतच मिटवावीत, बायकांनी कोर्टाची पायरी चढू नये. तिसरे हे. ह्यांच्याविषयी गावात ज्याला विचारावं तो म्हणे, "हुशार आहेत हो, पण चक्रम." मला त्या दिवशी चक्रम चालणार होता. शहाण्यांना मी दोनदा भेटून आले होते.

"माझ्यावर फार मोठा अन्याय झालाय," मी सुरुवात केली.

"तो शब्द माझ्या अंगणात नको. काय झालं ते सांगा."

मग मी सांगितलं. आमची आळी तेरा घरांची. प्रत्येक घरामागे नारळी-पोफळींचं आगर आणि सगळ्यांना मिळून एक पाट. डोंगरातून येणारा ओढा, आम्ही त्याला पऱ्ह्या म्हणतो, पावसाळा संपला की बारीक होतो. मग दिवाळी झाली की आळीने एक दिवस जमायचं, पऱ्ह्यावर दगडमातीचा बांध घालायचा, पाणी पाटात वळवायचं आणि तिथून पुढे पावसाळ्यापर्यंत पाळीपाळीने आपापलं आगर शिंपायचं. बांध दर पावसाळ्यात वाहून जातो, दर वर्षी नवा घालायचा. त्याला नियम एकच. ज्या घरचा गडी त्या दिवशी बांधावर आला नाही, त्या घरची पाळी बंद. हे बघायला आळीचे पंच आणि पंचांत मुख्य आमचे अप्पा.

मामंजी होते तोवर ते बांधावर जात. ते गेले, आणि यजमान मुंबईला गोदीत कारकून. गणपतीला आणि शिमग्याला रजा मिळायची तेच नशीब. दोन वर्षं मी पांडूला मजुरीवर पाठवला, कुणी ब्र काढला नाही. मग अप्पांनी ओढ्याकडेला नवीन आगर लावलं आणि दोन पाळ्या घ्यायला लागले. सगळी आळी बघत होती आणि मूग गिळून बसली होती. मी तशी तापट. भर बैठकीत म्हटलं, "अप्पा, आगरं दोन झाली, पण बांधावर गडी एकच येतो तुमचा." झालं! त्या वर्षी पांडू दारात येऊन उभा राहिला, खाली मान घालून. "वयनी, माजा इलाज नाय. अप्पांनी सांगितलान, जो तुमच्याकडनं जायल त्याला आळीत काम नाय." दुसऱ्या गड्यांकडे गेले, त्यांनीही कानावर हात ठेवले.

मग पदर खोचला आणि मी स्वतःच गेले. दिवसभर चिरे उचलले. संध्याकाळी अप्पांनी हजेरी वाचली, त्यात आमचं घर नाही. मी विचारलं तर म्हणाले, "सूनबाई, बाईमाणसाची हजेरी लावत नाहीत."

हे सांगताना मला रडू फुटलं. कारण सव्वाशे पोफळीची रोपं मी माझ्या हाताने लावली होती. ती धरली की यजमानांनी मुंबई सोडून घरी यायचं, असं आमचं ठरलेलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यातलं सगळं मिळून दीड वर्षही आम्ही एका छपराखाली काढलं नव्हतं. घरची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, म्हणून लांबून कळशा वाहत होते, तरी चाळीस रोपं डोळ्यांदेखत जळली होती.

ते हरळी उपटतच होते. मी पदराने डोळे पुसले तेव्हा म्हणाले, "पुढे?"

हे त्यांचं "पुढे?" मी पुढे शंभरदा ऐकलं. कुणी रडो, शिव्या देवो, चक्कर येऊन पडो, हे म्हणणार, "पुढे?" त्या दिवशी मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "पुढे काही नाही. एवढंच," मी म्हटलं.

"बरं. आता अप्पांची बाजू सांगा."

"त्यांना कसली मेली बाजू! पाण्यात पाहतात मला."

"सांगता येत नसेल तर मी वकीलपत्र घेत नाही."

मी उठले आणि चालायला लागले. कुठले लोक एकेक! मी ह्याला माझ्यासाठी भांडायला सांगतेय आणि हा मला अप्पांची वकिली करायला लावतोय. पण तरीच्या धक्क्यापर्यंत पोचले आणि पाय अडले. घरी जाऊन करणार काय होते? कळशा वाहणार होते. परत फिरले. ते तिथंच होते, फक्त तुळशीपर्यंत सरकले होते.

मी चिऱ्यावर बसले, अप्पांसारखा घसा खाकरला, अप्पांसारखी मिशीवरून बोटं फिरवली आणि बोलायला लागले. पहिल्यांदा चिडवल्यासारखं बोलत होते. मग बोलता बोलता मलाच काही सुचायला लागलं. "तेरा घरं आहेत. आज हिला सोडलं, उद्या दुसरा म्हणेल माझा मुलगा मुंबईला, तिसरा म्हणेल माझे गुडघे दुखतात. पाणी सगळ्यांना हवं, दगड कुणालाच नको. मग बांध कोण घालणार? एक वर्ष बांध पडला नाही तर तेराही आगरं जळतील." अप्पा लबाड होतेच, पण हे बोलणं लबाडीचं नव्हतं.

वकीलसाहेबांनी पहिल्यांदा हातातलं गवत खाली टाकलं. "मग तुम्हाला काय हवंय? सूट?"

"सूट कशाला? मी काय लुळी आहे? मला माझी हजेरी हवी."

"आत चला," ते म्हणाले. "वकीलपत्र लिहू."

आत त्यांची थोरली बहीण होती, सगळे तिला अक्का म्हणत. तिने मला गूळपाणी दिलं आणि कौतुकाने बघितलं. म्हणाली, "परत आलीस? दहातले आठ परत येत नाहीत गो." मग तिनेच फणसवाल्या भावांची गोष्ट सांगितली. दोन सख्खे भाऊ, बांधावरच्या एका फणसावरून डोकी फोडायला निघालेले. थोरला ह्यांच्याकडे आला. ह्यांनी त्याला धाकट्याची बाजू मांडायला लावली. तो घरी गेला आणि रागारागाने धाकट्याला म्हणाला, तू जा त्या येड्याकडे आणि माझी बाजू सांगून दाखव. धाकटा आला, त्यानेही सांगितली. दोघे पडवीत बसून हसले आणि निघून गेले. "हंगामाला दोघांनी एकेक फणस आणून टाकला," अक्का म्हणाली, "तेवढीच ह्याची वकिली. चुलीत काय फणस घालू?" वकीलसाहेब आतून ओरडले, "कापा होता, कापा! बरका नव्हता!"

असे ते. कोर्टात जाताना पगडी, काळा कोट आणि पायात काही नाही. जोडा घातला की विचार थांबतो, असं म्हणत. कुणाच्या घरी पाणी प्यायल्याशिवाय त्या घराचा दावा कळत नाही, हेही त्यांचंच. आमची जागा बघायला आले तेव्हा ह्याचा मला पुरता प्रत्यय आला. आधी तर तरीत त्यांना धरून बसवावं लागलं. त्यांना पाण्याची भयंकर भीती. खाडी संपेपर्यंत डोळे गच्च मिटून, फळी दोन्ही हातांनी पकडून बसले आणि तरीवाल्याला विचारत राहिले, "आली का रे? आली का?" तो मुद्दाम म्हणायचा, "अजून अर्धी हाय." आळीत आले ते पऱ्ह्यापासून पाटाच्या कडेकडेने चालत, आणि तेराही घरांत शिरून पाणी मागितलं. अप्पांकडेसुद्धा! अप्पांनी पन्हं दिलं. हे गटागटा प्यायले आणि म्हणाले, "फार सुरेख. मी तुमच्याविरुद्ध दावा लावतोय." अप्पा बघतच राहिले. संध्याकाळी वकीलसाहेब मला म्हणाले, "बाई, आळीतली सात घरं तुमच्या बाजूची आहेत. तोंडाने नाहीत, पण पाणी देताना तुमचं नाव काढलं की गडवा भरून देतात." मला ह्यातलं काही पटलं नाही. मी विचारलं, "आणि बाकीची?" "बाकीच्यांनी अर्धा गडवा दिला."

दावा लागला. आमच्याकडे दावे वर्षानुवर्षं लोळतात, पण जज्जसाहेबांची बदली व्हायची होती आणि त्यांना हातातली कामं उरकायची होती, म्हणून दिवाळीआधी सुनावणी झाली. यजमानांचं पत्र आलं होतं, "तुला योग्य वाटेल ते कर. मी इथून काय करणार?" त्या शेवटच्या वाक्यावर शाई फुटली होती. ते पत्र मी कमरेला खोचून कोर्टात बसले. सगळे पुरुष. एकट्या मला बसायला बाक दिलं होतं, ते भिंतीकडे तोंड करून.

अप्पा साक्षीला उभे राहिले. वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली, अगदी हळू आवाजात.

"गेल्या दिवाळीला बांधावर ह्या बाई होत्या?"

"होत्या."

"काय करत होत्या?"

"चिरे उचलत होत्या."

"किती वेळ?"

अप्पांनी जरा इकडेतिकडे बघितलं. "दिवसभर."

"तुम्ही बघितलंत?"

"सगळ्यांनी बघितलं."

कोर्टात कुजबुज झाली. जज्जसाहेबांनीही मान वर केली. मला वाटलं, झालं, जिंकलो! आता वकीलसाहेब बसतील. पण हे बसले नाहीत. हात वर करून, आवाज चढवून त्यांनी विचारलं, "मग हजेरीत नाव का नाही?"

अप्पांना तेवढंच हवं होतं. ते ताठ झाले. "आमच्या आळीत घरचा नाहीतर मजुरीचा, पण पुरुष गडीच मोजायची चाल आहे. वाडवडिलांपासून आहे. ह्यांचे सासरे पंच होते तेव्हाही होती."

खरंच होती. मला खोटं बोलता आलं नाही आणि वकीलसाहेबांनाही नाही. निकाल आठवड्याने लागला. चाल शाबीत आहे, कोर्ट त्यात हात घालत नाही, वादीने घरचा किंवा मजुरीचा एक पुरुष गडी द्यावा आणि पाळी घ्यावी. दावा फेटाळला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तो शेवटचा प्रश्न कशाला विचारलात हो?" लोक वकिलाला असं विचारत नाहीत, पण मी विचारलं. ते पगडी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "चूक माझी. चाल मीच त्याच्या तोंडून वदवली. तीस वर्षं हाताखालच्या पोरांना सांगत आलो, एक प्रश्न कमी विचारा, आणि स्वतः..." तसेच अनवाणी घरी गेले.

बांधाला आठ दिवस उरले होते. अपिलात जायचं तर रोपं सरपणाला आली असती. मी गावोगाव फिरले. वरच्या वाडीत गेले, खालच्या कोळीवाड्यात गेले, मजुरी दुप्पट सांगितली. कुणी येईना. अप्पांचा हात लांबवर पोचत होता. सातव्या दिवशी पुन्हा रत्नागिरीला गेले आणि वकीलसाहेबांना म्हटलं, "ह्या शहरात मला एक पुरुष मिळवून द्या. एका दिवसासाठी. कसलाही चालेल."

ते म्हणाले, "बरं." एवढंच! मी मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडत परत आले.

बांधाच्या दिवशी सकाळी मी टोपली घेऊन पऱ्ह्यावर गेले. पाळी मिळणार नव्हती हे ठाऊक होतं. पण घरात बसून राहणं मला जमणारं नव्हतं. अप्पा आंब्याखाली हजेरीचा कागद घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "सूनबाई, उगाच कशाला त्रास घेता?" मी सरळ पाण्यात उतरले.

तेवढ्यात पाणंदीने कुणीतरी आलं. अंगात जुनी बंडी, कमरेला पंचा, डोक्याला फडकं. जवळ आल्यावर ओळखलं आणि माझ्या हातातला चिरा सुटला.

अप्पा उठून उभे राहिले. "वकीलसाहेब? आपण?"

"ह्या घरचा मजुरीचा गडी," ते म्हणाले. "कोर्टाच्या हुकमात वय लिहिलेलं नाही. मी पुरुष आहे याबद्दल शंका असेल तर आत्ताच सांगा."

लोक हसायला लागले. हे साठीचे, पाण्याला घाबरणारे, आणि पऱ्ह्यात गुडघाभर थंड पाणी! पहिलं पाऊल टाकताना त्यांनी माझा खांदा धरला. काम तर त्यांना काही म्हणजे काही येत नव्हतं. चिरा उचलला की पोटावर घ्यायचे, दोनदा तोंडावर आपटले. दुपारपर्यंत हसणारे गप्प झाले. पांडू दुरून बघत होता. एकदा तो न बोलता आला आणि ह्यांच्या हातातला चिरा घेऊन लावून गेला. मी म्हटलं, "आता पुरे झालं, वर बसा." तर म्हणाले, "सुटी झाल्याशिवाय गडी बसत नाही." ओठ निळे पडले होते. त्यांचं काम मीच करत होते आणि माझंही. तळाची मधली रांग, जिथे पाण्याचा जोर असतो, ती मी लावली. गेल्या वर्षीही मीच लावली होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा बांध उभा राहिला, पाणी पाटाकडे वळलं. अप्पांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. आमच्या घरापाशी आले, नाइलाजाने म्हणाले, "गडी एक. वकीलसाहेबांचं नाव लिहितो."

"लिहू नका," वकीलसाहेब म्हणाले.

मला वाटलं, थंडीने ह्यांचं डोकं फिरलं.

"मी तीन चिरे लावले. त्यातले दोन वाहून गेले. ते सगळ्यांनी बघितलंय. हे काम बाईंचं आहे. खोट्या हजेरीला मी नाव देणार नाही."

अप्पांचा चेहरा असा काही खुलला! "मग गडी नाही," त्यांनी लेखणी उचलली. "पाळी नाही."

मी वकीलसाहेबांकडे बघितलं. इतका संताप मला जन्मात कुणाचा आला नव्हता. कोर्टात एक प्रश्न जास्त, आणि इथं हे! माझी पाळी, माझी रोपं, माझा संसार, सगळं ह्या माणसाने आपल्या खरेपणापायी दोनदा पाण्यात घातलं. ते माझ्याकडेच बघत होते.

आणि मग मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. मी पुन्हा पऱ्ह्यात उतरले. बांधाच्या मध्यावर गेले, वाकले, तळाच्या चिऱ्याला दोन्ही हात घातले.

"सूनबाई, काय करताय?"

"माझी हजेरी नाही ना? मग माझे चिरेही नाहीत. मी लावलेले तेवढे काढून नेते. बाकीचा बांध तुमचा तुम्ही ठेवा."

चिरा हलवला. बांधातून पाण्याची एक चिळकांडी उडाली. बाकीच्या बारा घरचे गडी एकदम ओरडले. "वयनी, नको!" पांडू धावत आला, पण त्याने माझा हात धरला नाही. अप्पांकडे वळून तो म्हणाला, "अप्पा, लिवा की! ही मधली रांग गेली तर समदा बांध जायल. दोन साल मी बगितलंय, वयनीच लावतात." मागून आणखी एक म्हणाला, "लिवा, अप्पा." मग तिसरा. पाणी माझ्या हातांवरून जोरात वाहत होतं. मी हात काढले नाहीत.

अप्पांनी खाली बसून लिहिलं. मी म्हटलं, "मोठ्याने वाचा." त्यांनी वाचलं. माझं नाव, यजमानांचं नव्हे, मामंजींचं नव्हे. मग मी चिरा परत दाबून बसवला आणि वरून चिखल लिंपला.

वकीलसाहेब आठ दिवस तापाने फणफणले. मी समाचाराला गेले तर अक्का मला दारातच फाडून खाणार होती. ते आतून म्हणाले, "येऊ दे तिला." घोंगडी पांघरून पडले होते.

"खरं सांगा," ते म्हणाले. "काढला असतात चिरा?"

"काढला असता."

"सगळी आगरं गेली असती. तुमचंसुद्धा."

"ठाऊक होतं."

त्यांनी घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग विचारलं, "आज पाळी कुणाची?"

"माझी. दुपारची."

"मग इथं काय करताय? जा!" असे ओरडले की खोकल्याची उबळ आली.

मी त्यांना धन्यवादसुद्धा दिले नाहीत, धावतच निघाले. तरीवाल्याला घाई केली, आळीत आले, घरात न शिरता सरळ मागच्या दाराने आगरात गेले. पांडूने पाटातून आमच्या आगरात पाणी सोडायची मोरी आधीच उघडून ठेवली होती. पाणी पहिल्या ओळीत शिरलं होतं, सुकलेल्या मातीत बुडबुडे काढत एकेका रोपाच्या आळ्यात भरत होतं. मी कुदळ घेतली, दुसऱ्या ओळीची वाट मोकळी केली, आणि भर आगरात उभी राहून, कुणी बघतंय न बघतंय याची पर्वा न करता, तिकडे मुंबईत असलेल्या यजमानांना मोठमोठ्याने हाका मारल्या.